ज्यांचे विचार पटत नाहीत अशा गुरूंकडून काय शिकलात? (अनुभव धागा)

मंडळी, काल घरी यावरून जोरदार वाद झाला म्हणून धागा काढतोय. मी देव मानत नाही, आणि अमळनेरला ज्या सरांकडे शांकरभाष्य (शंकराचार्यांचं ब्रह्मसूत्रांवरचं विवेचन) वाचलं ते पक्के अद्वैती, म्हणजे जीव आणि ब्रह्म एकच मानणारे (गावात १९१६ पासून तत्त्वज्ञानाचं केंद्र आहे, त्यामुळे अशी माणसं भेटतात). सरांचं एकच, आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मांड. भाष्यातल्या तर्कपाद नावाच्या भागात सांख्य, बौद्ध, जैन सगळ्यांच्या मतांचं खंडन येतं, तिथं ते मला सांख्यांच्या बाजूनं बोलायला लावायचे आणि माझा मुद्दा लेचापेचा झाला की चिडायचे, "अरे, तुझ्या बाजूनं नीट भांड ना!" देव मी आजही मानत नाही, पण समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडता आल्याशिवाय खोडायला जायचं नाही, हे त्यांनीच अंगात भिनवलं. तुमचंही लिहा, कडू असेल तरी लिहा.

रंदा
आमचे मिस्तरी पाच वेळचे नमाजी, मी माळकरी घरातला. सुरुवातीला मी देवाधर्मावर काहीतरी विचारायला गेलो तर म्हणे, "तुना देव तुनाजोडे, मना देव मनाजोडे, रंदा नीट धर." बस, विषय संपला. सागाची फळी उजेडाकडे तिरकी धरून रेषा कुठं वळते ते दाखवायचे, रेषेच्या उलट रंदा मारला की लाकूड उचकटतं. आज मी पोरांना तसंच दाखवतो.

मुक्ताईचा वारकरी
धुळ्याला गणित शिकवणारे सर कट्टर कम्युनिस्ट, वारीला सरळ वेळेचा अपव्यय म्हणायचे. मुक्ताईनगरची पालखी फार लांबून जाते, महिन्याभराची पायपीट, माझे इंटिग्रेशनचे तास बुडाले. परत आलो तर सरांनी संध्याकाळी घरी बोलावून सगळं भरून काढलं, पैसे घेतले नाहीत. त्याच दिवसांत त्यांनी साने गुरुजींचं सांगितलं, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिकवणारे गुरुजी १९४७ साली विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून पंढरपुरात उपोषणाला बसले होते ते. एवढी वर्षं वारी केलेल्या मला हे एका नास्तिकाकडून कळावं! आता पायरीशी डोकं टेकवताना ते आठवतंच.

तापीकाठची
कडू चालेल म्हणालात म्हणून लिहिते. आमचं घर बौद्ध, बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या. संस्कृत ज्यांच्याकडे शिकले ते सोवळ्यातले, शिकवायला अतिशय उत्तम, संधी सोडवून दाखवायचे तेव्हा अख्खा श्लोक डोळ्यांसमोर उलगडायचा. आणि त्याच घरात माझा पाण्याचा ग्लास वेगळा, खिडकीत ठेवलेला. मी पाणी प्यायचं सोडलं, शिकणं नाही सोडलं. आज पाली वाचताना ते व्याकरण रोज कामी येतं आणि त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे, पण ग्लासाला माफी नाही, आणि या दोन गोष्टींची गोळाबेरीज कुणी मला करायला सांगू नये.

मुसाफिर
ताई, वाचून थांबलो. माझं लिहायचं होतं, नंतर लिहितो.

केळीवाला, रावेर
मी कृषी पदवीधर, आजोबा पंचांगवाले. अमावस्येला बागेत हत्यार लावायचं नाही, केळीची पिल्लं (बुंध्याशी फुटणारे कोंब) कापायची तीही दिवस बघून. मला यातलं काही पटत नाही आणि मी तसं तोंडावर सांगतो. पण घड काढणीला आला की नाही हे मला कॉलेजात नाही, त्यांच्या मागे फिरून कळलं. फण्यांवरून अंगठा फिरवायचे आणि माझा अंगठा धरून तिथंच फिरवायचे, केळ्यांच्या धारा बोटाला टोचतायत तोवर थांब, गोल लागल्या की काप, गाडी दिल्लीला जायची असेल तर जरा आधीच. व्हायरसचं झाड दिसलं की उपटायचं हे मात्र त्यांनी माझं ऐकलं, मावा ही कीड तो रोग पसरवते हे समजावून सांगितल्यावर. मृगबागेची (मृगाच्या सुमारास लावायच्या केळीची) तारीख यंदाही ठरायची आहे, ते पंचांग घेऊन बसलेत, मी पावसाचा अंदाज घेऊन.