नववीच्या मुलीसाठी खरंखुरं समाजकार्य सुचवा (पुणे)

निशिगंध_कोथरूड
लेक नववीत आहे. शाळेने समाजसेवेचे तास भरायला सांगितलेत, वहीत सही-शिक्का आणायचा. गेल्या वर्षी यांच्या वर्गाने एका आश्रमात बिस्किटाचे पुडे वाटले, ग्रुप फोटो काढला आणि अकराला सगळे घरी. लेकच म्हणाली, आई यात मी काय केलं, पुडे तर तू आणलेस! म्हणून विचारतेय, रविवारी दोनेक तास, फार लांब नको, आणि ती लाजाळू आहे त्यामुळे माइक घेऊन जनजागृती वगैरे जमणार नाही. पैसे भरून सर्टिफिकेट देणारी शिबिरं तर नकोच नको.

गप्पिष्ट_गोगलगाय
लाजाळू आहे ना, मग लेखनिक होऊ दे की. दहावीच्या अंध मुलांना बोर्डाच्या पेपरला लेखनिक लागतो आणि तो त्यांच्या खालच्या वर्गातलाच चालतो, म्हणजे तुम्ही आम्ही कितीही शिकलेलो असलो तरी उपयोग शून्य, नववीचीच मुलं हवीत. तुमच्या कोथरूडलाच अंध मुलींची शाळा आहे, तिथे विचारा.
माझा मुलगा बसलाय. दिसतं तेवढं सोपं नाही हां. प्रश्न मार्कांसकट वाचायचा, समोरची सांगेल ते जसंच्या तसं उतरवायचं, उत्तर चुकतंय हे कळत असलं तरी "हं?" सुद्धा करायचं नाही, आवाज जरा बदलला तरी त्यांना लगेच कळतं. गणिताला तर कंस कुठे सुरू कुठे बंद, वर्ग नेमका कशाचा, सगळं बोलून पक्कं करावं लागतं. तासाला 20 मिनिटं जादा मिळतात म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो, मनगट बोंबलतं. आणि एकदा हो म्हटलं की आयत्या वेळी लग्नबिग्न काढायचं नाही, लेखनिकाचे कागद आधीच बोर्डाकडे गेलेले असतात.

निशिगंध_कोथरूड
हे डोक्यातच नव्हतं! पण बोर्डाचे पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये, तोवर काय?

गप्पिष्ट_गोगलगाय
अहो सहामाही असते, सराव परीक्षा असतात, त्यांनाही कुणीतरी लागतंच. शिवाय धडे, गाइडं वाचून रेकॉर्ड करून द्यायची. तेव्हाच दोघींची बोलायची-लिहायची लय जमते, थेट बोर्डाच्या पेपरला पहिल्यांदा भेटायचं म्हणजे दोघींच्याही पोटात गोळा.

पेन्शनर_आजोबा
सोसायटीतच काम आहे ताई. नोव्हेंबर आला की आम्हा पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, पण आमचे हात थरथरतात, ते म्हणतं पापणी मिटा, आम्ही मिटतो, तरी त्याचं समाधान नाही. नातवंडं परदेशी. एखाद्या मुलीने शेजारी बसून शांतपणे करून दिलं तर दुवा देतील लोक. फक्त तिला बजावून ठेवा, पिन आणि ओटीपी ज्याचा त्यानेच टाकायचा, कुणी "तूच टाक गं" म्हटलं तरी नाही.

मुठाकाठची
बाकी ठीक, पण एक दिवसाच्या कामाला सरसकट नावं ठेवू नका. विसर्जनाला घाटावर निर्माल्य वेगळं करायला उभं राहून बघा, हारातला दोरा, प्लॅस्टिकची पिशवी, उदबत्तीचं पाकीट हे सगळं हाताने काढल्याशिवाय त्याचं धड खत होत नाही. रात्री बोटं नुसती पिवळी. फोटो काढायला सवडच नसते.

गप्पिष्ट_गोगलगाय
मान्य, ते कष्टाचं आहेच. पण यांना दर रविवारचं हवंय ना. अकरावीत गेली की एनएसएस आहेच, वर्षाला 120 तास, तेव्हा सही-शिक्क्याची चिंता आपोआप मिटेल.

निशिगंध_कोथरूड
सगळ्यांना थँक्यू. आजोबा, आमच्याही बिल्डिंगमध्ये चार-पाच पेन्शनर आहेत, नोव्हेंबरला लावते तिला कामाला. लेखनिकाचं आत्ताच सांगितलं तर पहिला प्रश्न काय, ती चुकीचं सांगतेय आणि मला बरोबर येतंय, तर? म्हटलं चुकीचंच लिहायचं. तेव्हापासून तोंड फुगवून बसलीय.

गप्पिष्ट_गोगलगाय
आत्ताच फुगवलं ते बरं, पेपरच्या दिवशी नको म्हणावं.