मदत हवी आहे: अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या फ्लेअरमध्ये मीठ बंद करावं की द्यावं?

प्रश्नार्थक
धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा होण्याचा दीर्घकाळचा आजार) आहे. मध्यंतरी आजार शांत होता, आता पुन्हा फ्लेअर आलाय. जुलाब, रक्त, सगळंच. आतड्याची सूज कमी करणारं मेसालामाइन चालू होतंच, त्यात प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची भर पडली आहे.

जास्त मिठाने आतड्याची सूज वाढते असं कुठेतरी वाचून त्याने मीठ जवळजवळ सोडलंच. आता उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. आणि गंमत म्हणजे दुसरीकडे चेहरा सुजलाय, मोजे काढले की घोट्यावर इलॅस्टिकचा खोल वळ बराच वेळ तसाच राहतो. अंगात पाणी कमी झालंय की जास्त, तेच कळेना. आहाराचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "सोसेल ते खा." पुढची भेट अजून लांब आहे.

मीठ आणि सूज यांचा संबंध कितपत पक्का आहे? ओआरएसमध्येही मीठच असतं, मग ते द्यावं का? रामबाण उपाय कृपया नकोत, ते सांगणारे नातेवाईक घरात पुरेसे आहेत.

जुना क्रोन्सवाला
ताई, भेटीची वाट बघू नका, आजच फोन करा. रक्त जात असताना येणारी अंधारी हिमोग्लोबिन उतरल्यानेही असू शकते. जुलाब आणि प्रेडनिसोलोन दोन्हींमुळे पोटॅशियम घटतं, गोळे त्यानेही येतात. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), हिमोग्लोबिन तपासायला हवं. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) हेही तपासायला सांगा: स्टिरॉइडमुळे शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं हे खरं, पण सुजलेल्या आतड्यातून प्रथिनं झिरपून गेली तरी घोटे सुजतात. दोन्हींचे उपाय वेगळे. बेशुद्धी आली किंवा रक्त वाढलं तर थेट इमर्जन्सी. आणि स्टिरॉइड मनाने बंद करू नका.

आता मिठाचं. २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये दोन शोधनिबंध आले, जास्त मिठाने सूज वाढवणाऱ्या टीएच-१७ पेशींना जोर चढतो असं सांगणारे. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात आलं की उंदरांच्या आतड्यातले लॅक्टोबॅसिलस जीवाणू जास्त मिठाने घटतात. उंदरांतला कोलायटिस बळावल्याचे प्रयोगही आहेत. पण अशा प्रयोगांत खाद्यातच ४ टक्के मीठ असतं, वर प्यायलाही मिठाचं पाणी. माणूस तसं जेवत नाही. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात (२०१६) सोडियम आणि आयबीडी (कोलायटिस, क्रोन्स असे आतड्याच्या सुजेचे आजार) होण्याचा संबंध दिसला नाही. २०२१ च्या २१ देशांतल्या अभ्यासात मात्र अतिप्रक्रिया केलेलं अन्न जास्त खाणाऱ्यांत आयबीडी जास्त आढळला. त्या पाकिटांत मीठ असतंच, पण इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारे पदार्थ) आणि बाकी बरंच काही असतं, दोष एकट्या मिठावर टाकता येत नाही. शिवाय माणसांवरचे हे अभ्यास आजार *होण्याबद्दल* आहेत, चालू फ्लेअरमध्ये मीठ तोडल्याने तो आटोक्यात येतो असं यातून निघत नाही.

उलट सोडियम आणि पाणी शोषून घेणं हे मोठ्या आतड्याचं कामच. तिथलं अस्तर सुजलं की दोन्ही वाहून जातात. ओआरएस शोषलं जातं लहान आतड्यात, जे कोलायटिसमध्ये बहुधा ठीक असतं. ग्लुकोज सोडियमला आत ओढतं, मागोमाग पाणी जातं. म्हणून त्यात दोन्ही सारख्या प्रमाणात, लिटरला ७५ मिलिमोल. नुसतंच पाणी ढोसलं तर सोडियम आणखी पातळ होतं. फक्त सूज असल्याने ओआरएस किती, हे डॉक्टरांकडूनच घ्या.

स्टोमावाली
माझं मोठं आतडं काढलंय, इलिओस्टॉमी आहे, म्हणजे लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढलंय. मला वरून मीठ घ्यायला सांगितलंय. "मीठ कमी कर" सांगणाऱ्यांना समजावणं मी सोडून दिलं.

लेबलवाचक
फ्लेअर शांत झाल्यावर मोठ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लक्षात ठेवा, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. लेबलवर सोडियम लिहिलं असेल तर अडीचने गुणा. 'लो सोडियम' मीठ विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. मेसालामाइन क्वचित मूत्रपिंडाला त्रास देतं, तसं झालं तर पोटॅशियम साचतं.

प्रश्नार्थक
फोन केला. आजच रक्त द्यायला सांगितलंय, स्टिरॉइड तसंच चालू, तोवर ओआरएस घोट घोट. अल्ब्युमिनचं विचारलं तर "हो, तेही लिहितो" म्हणाले. ओआरएसची चव त्याला अजिबात आवडत नाही. गार करून, थोडा फळांचा रस घालून चालेल?

जुना क्रोन्सवाला
गार चालेल, रस नको. साखर वाढली की पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. कालवलेलं २४ तासांत संपवा, उरलं तर टाकून द्या.