मदत हवी आहे: दारू सुटली, पण दादा अजून सावरला नाही

नमस्कार. आम्ही ऐरोलीला राहतो. दादा (वय 36) व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन चार महिने झाले. एक थेंबही घेतलेला नाही, त्याचं मनापासून कौतुक आहे. पण माणूस पार बदललाय. रात्री तीन-तीन वाजता गॅलरीत उभा असतो. परवा चहात साखर कमी पडली म्हणून कप बेसिनमध्ये आपटला आणि मग तेच तुकडे गोळा करत रडत बसला. आई दाराआडून बघत होती.

केंद्रात दारू सोडवली, पण मनाची तपासणी कोणी केलीच नाही. दादा पहिल्यापासून उतावळा, मनातलं मनात ठेवणारा. आता हा त्याचा स्वभाव, नैराश्य, की दारू सुटल्यावर काही महिने टिकणारी चिडचिड आणि झोपमोड? तिन्ही एकत्रही असू शकतात. म्हणून "संयम ठेव" एवढ्यावर भागणार नाही, असं मला ठाम वाटतं.

ठाणे किंवा वाशीकडे व्यसन आणि मानसिक आजार दोन्ही एकत्र बघणारे मानसोपचारतज्ज्ञ माहीत आहेत का? ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीत किंवा आयपीएच या ठाण्यातल्या मानसिक आरोग्य संस्थेत कोणी गेलंय का? व्यक्तिमत्त्व चाचणीचा उपचारात खरंच उपयोग होतो का?

वहिनी फार थकलीय. तिच्यासाठी अल-अनॉनचा, म्हणजे घरच्यांसाठीचा, मराठी गट जवळपास असेल तर तेही सांगा.

दादा सध्या यायला तयार आहे, म्हणून घाई करतेय. मेसेज केलात तरी चालेल.