गिट कॉन्फिगने कुठे चकवलं? अनुभव धागा

एरर एक आणि कारण भलतंच, असे गिटच्या (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) कॉन्फिगचे, म्हणजे सेटिंग फाइलींचे, किस्से इथे लिहा. लक्षण, कारण, उपाय एवढं पुरे. 'गिट पुन्हा इन्स्टॉल करा' हा सल्ला नको. होम फोल्डरमधली कॉन्फिग फाइल त्याने जागची हलत नाही.

कमिटकाका: ग्लोबल ईमेल बदलूनही कमिटवर (बदलांच्या नोंदीवर) जुनाच दिसतो? सिस्टिम (सगळ्या मशीनची), ग्लोबल (आपल्या यूजरची), लोकल (त्या एका रेपोची, म्हणजे प्रोजेक्टच्या फोल्डरची) या क्रमाने फाइली वाचल्या जातात आणि शेवटची जिंकते. 'गिट कॉन्फिग --लिस्ट --शो-ओरिजिन' चालवा, प्रत्येक ओळ कुठल्या फाइलमधून आली ते कळतं. तिथेही सगळं बरोबर असेल तर 'गिट_ऑथर_ईमेल' हे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल तपासा. ते कॉन्फिगला जुमानत नाही आणि या यादीत दिसतही नाही.

उलटा_स्लॅश: विंडोजचा पाथ थेट फाइलमध्ये चिकटवला की 'बॅड कॉन्फिग लाइन' येते, कारण बॅकस्लॅश हे एस्केप चिन्ह आहे, म्हणजे पुढच्या अक्षराचा अर्थ बदलतं. एरर आली तर नशीबच म्हणा! बॅकस्लॅशपुढे इंग्रजी 'टी' किंवा 'एन' असेल तर गिट निमूटपणे टॅब किंवा नवी ओळ घालतं. बॅकस्लॅश दुहेरी करा, नाहीतर साधा स्लॅश वापरा. व्हॅल्यूमध्ये # किंवा ; असेल तर अवतरणचिन्हं हवीतच. नाहीतर पुढचं सगळं कॉमेंट समजून गळतं.

डीटॅच्ड_हेड: 'इन्क्लूडइफ'मध्ये (ठरावीक फोल्डरमधल्या रेपोंसाठीच वेगळी कॉन्फिग जोडणारा विभाग) 'गिटडिर:~/वर्क' लिहिलं की काहीच होत नाही, तक्रारही नाही. शेवटी स्लॅश द्या, मगच आतल्या सगळ्या रेपो जुळतात.

स्क्रिप्टवाला: एकाच कीच्या (सेटिंगच्या नावाच्या) दोन ओळी असतील तर साधं सेट करणं नाकारलं जातं, एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा) 5. '--रिप्लेस-ऑल' द्या. गंमत अशी, की अस्तित्वात नसलेली 'की' '--अनसेट' करायला (काढायला) गेलं तरी कोड 5च. त्यामुळे स्क्रिप्टमध्ये नुसत्या कोडवर विसंबू नका.

कमिटकाका: @स्क्रिप्टवाला, 'क्रेडेन्शियल.हेल्पर'ला (यूजरनेम-पासवर्ड पुरवणारा प्रोग्राम) मात्र अनेक ओळी चालतात आणि दोन्ही मिळेपर्यंत हेल्पर ओळीने विचारले जातात. वरच्या पातळीवरचे नको असतील तर आधी रिकामी व्हॅल्यू, मग आपला हेल्पर.

रीबेस_राणी: बूलियन (ट्रू किंवा फॉल्स घेणाऱ्या) कीपुढे = नसेल तर ट्रू, = लिहून पुढे रिकामं सोडलं तर फॉल्स.

उलटा_स्लॅश: 'डुबियस ओनरशिप' (रेपोचा मालक दुसराच यूजर आहे ही एरर) आली तर 'सेफ.डिरेक्टरी' ग्लोबलमध्ये टाका. रेपोच्या स्वतःच्या कॉन्फिगमधली नोंद गिट मुद्दाम दुर्लक्षित करतं. नाहीतर परकी रेपो स्वतःच स्वतःला सुरक्षित ठरवेल.