शब्दचर्चा : मुलांमधील दीर्घ कोविड आणि ‘वांशिक फरक’

निपाणीहून विचारणा

आमच्या शाळेच्या पालकपत्रिकेसाठी मी मुलांमधील आणि किशोरवयीनांमधील दीर्घ कोविडविषयी (संसर्ग ओसरल्यावरही बराच काळ टिकणाऱ्या तक्रारींविषयी) एक टिपण मराठीत लिहीत आहे. शाळेत मराठी आणि कन्नड अशा दोन्ही माध्यमांचे वर्ग असल्यामुळे ते पुढे कन्नडमध्येही जाईल. अमेरिकेतील संशोधनाविषयीच्या परिच्छेदात ‘रेस’ आणि ‘एथ्निसिटी’ हे शब्द जोडीने येतात. आपल्या वृत्तपत्रांत दोहोंसाठी ‘वांशिक’ हा एकच शब्द वापरलेला दिसतो. मी ‘दीर्घ कोविडमधील वांशिक फरक’ असे लिहिले, तर कच्चा खर्डा वाचणाऱ्या सहशिक्षिकेने त्याचा अर्थ ‘हा आजार काही घराण्यांत पिढीजात चालतो’ असा घेतला. मूळ मजकुराचा तसा अर्थ मुळीच नाही. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

बेळगावहून

बाईंच्या सहकारी चुकल्या असे म्हणता येणार नाही, कारण ‘वंश’ या शब्दाचा मराठीतील सगळा संसार त्याच दिशेने जातो. संस्कृतात वंश म्हणजे वेळू; पेरापेराने वाढणाऱ्या वेळूवरून पिढ्यांच्या परंपरेला तो शब्द मिळाला, आणि आपल्याकडे वंशावळ, वंशवेल, वंशाचा दिवा, निर्वंश हे सारे शब्द जन्माने चालत आलेल्या नात्याचेच आहेत. माणसांच्या मोठ्या गटांना ‘वंश’ म्हणण्याची रीत मानववंशशास्त्राबरोबर आली, आणि त्या शास्त्राचा इंग्रजी अमलातील इतिहास फारसा भूषणावह नाही. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले नाकाच्या मोजमापावरून जातींचा वंश ठरवू पाहत होते. तेव्हा ‘वांशिक फरक’ असे शब्द वाचले की मराठी वाचकाच्या मनात आधी रक्त येते आणि मग बाकीचे.

अमेरिकेतील अर्जावरचा ‘रेस’चा रकाना मात्र माणूस स्वतः भरतो, आणि लहान मुलांच्या बाबतीत बहुधा आईवडील भरतात. तेथील सरकारने १९९७ साली ठरवलेल्या पद्धतीत किमान पाच ‘रेस’ होत्या आणि ‘हिस्पॅनिक किंवा लॅटिनो (स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेले) आहात का’ हा ‘एथ्निसिटी’चा वेगळा प्रश्न होता. मार्च २०२४ मध्ये हे दोन प्रश्न एकत्र करून सात गटांचा एकच प्रश्न करण्यात आला. जी विभागणी सरकारी आदेशाने बदलते, ती शरीररचनेची विभागणी नसणार हे उघड आहे. त्या अर्जावर बेळगावचा मुलगा, चीनमधला मुलगा आणि फिलिपिन्समधला मुलगा हे तिघेही ‘आशियाई’ ठरतात.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर कर्नाटकातल्या निपाणीपासून महाराष्ट्रातले कागल किती दूर आहे ते पाहावे. निपाणीतील मराठा कुटुंब कर्नाटकाच्या यादीत मागासवर्गाच्या ‘३ ब’ प्रवर्गात मोडते. त्याच कुटुंबाची कागलला राहणारी शाखा महाराष्ट्राच्या २०२४ च्या कायद्याप्रमाणे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास अशा निराळ्या प्रवर्गात येते. रक्त एकच असून रकाने दोन आहेत. म्हणून मी ‘रेस’साठी नुसता ‘वंश’ न लिहिता ‘वंशगट’ लिहावे असे सुचवीन. ‘गट’ म्हटले की कोणी तरी गट पाडले आहेत, हे वाचकाच्या लक्षात येते.

चिकोडीहून

‘एथ्निक’साठी ‘जातीय’ मात्र कृपया वापरू नये. हिंदीत तो शब्द त्या अर्थाने चालतो, पण मराठीत ‘जातीय’ म्हटले की तेढ आणि दंगल आठवते. कन्नडमध्ये ‘जनांगीय’ हा शब्द दोन्ही अर्थांनी रुळलेला आहे, त्यामुळे कन्नड आवृत्तीत हीच अडचण दुसऱ्या बाजूने येईल; शिवाय ‘हिंदुळिद जनांग’ म्हणजे मागास समाज असाही वापर तेथे सर्रास आहे. मराठीत ‘जनसमूह’ हा शब्द मला त्यातल्या त्यात निर्दोष वाटतो. भाषा, मूळ प्रदेश, चालीरीती यांनी बांधलेले लोक, एवढाच त्याचा अर्थ होतो, आणि सीमाभागातील वाचकाला तो समजावून सांगावा लागत नाही.

खानापूरहून

‘वंशगट’ आणि ‘जनसमूह’ वेगळे ठेवणे का आवश्यक आहे, हे आमच्या तालुक्यात सहज दिसते. खानापूर, हल्याळ, यल्लापूर या पट्ट्यात सिद्दी लोक कित्येक पिढ्यांपासून राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. आज त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती अशी तिन्ही धर्मांची कुटुंबे आहेत, आणि त्यांच्या बोलीत कोकणी, मराठी व कन्नड मिसळलेली आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी २००३ पासून अनुसूचित जमातीत आहेत. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींचा समावेश होण्यास २०२० ची दुरुस्ती यावी लागली. अमेरिकन अर्जाने विचारले तर हे मूल कोणत्या रकान्यात बसेल? पूर्वजांकडे पाहून एक उत्तर येईल, भाषेकडे पाहून दुसरे, आणि तहसीलदारांच्या दाखल्यावर तिसरेच असेल. ‘वांशिक’ हा एक शब्द या तिन्हींवर पांघरला तर वाचकाला काहीच कळणार नाही.

बेळगावहून, एका बालरोगतज्ज्ञाकडून

मला ‘वांशिक’पेक्षा ‘फरक’ या शब्दाची अधिक काळजी वाटते. फरक हा दोन वस्तूंमध्ये मुळातच असू शकतो. संशोधक ज्याविषयी बोलत आहेत ती परिस्थितीने निर्माण केलेली ‘तफावत’ आहे, आणि काही ठिकाणी सरळ ‘विषमता’ म्हणण्याजोगी आहे. शिवाय ही तफावत नेमकी कशातली, हे लिहिल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. आजार जडण्यातली, तो ओळखला जाण्यातली आणि तो कागदावर नोंदला जाण्यातली अशा या तीन तफावती निराळ्या आहेत, आणि मराठी बातम्यांत त्या तिन्हींसाठी ‘प्रमाण’ हा एकच शब्द येतो.

अमेरिकेत कोविडोत्तर स्थितीसाठी ‘यू०९.९’ हा निदानसंकेत (रुग्णाच्या कागदावर आजारासाठी लिहायचा ठरावीक क्रमांक) १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. तो ज्यांच्या कागदांवर पडला त्यांची छाननी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांत गोऱ्या, हिस्पॅनिक नसलेल्या आणि गरिबी व बेकारी कमी असलेल्या वस्त्यांतील रुग्णांचा, विशेषतः स्त्रियांचा, भरणा आढळला. यावरून आजार गोऱ्यांना अधिक होतो असे कोणी लिहिले तर ते चुकीचे ठरेल. डॉक्टरांपर्यंत पोहोचणे, आपली तक्रार खरी मानली जाणे आणि तिला नाव मिळणे हे कोणाच्या वाट्याला आले, एवढेच त्यातून कळते. म्हणून अशा ठिकाणी ‘प्रमाण’ न लिहिता ‘नोंदलेल्या निदानांचे प्रमाण’ असे लिहावे.

मुलांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण लहान मूल स्वतः तक्रार मांडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठीची व्याख्या ऑक्टोबर २०२१ मध्ये केली आणि मुलांसाठीची फेब्रुवारी २०२३ मध्ये. अमेरिकेतील ‘रिकव्हर’ या दीर्घ कोविडवरील संशोधन प्रकल्पाने २०२४ साली ५,३६७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तोही पालकांनी सांगितलेल्या लक्षणांवर आधारलेला होता. संसर्ग झालेल्या ६ ते ११ वर्षांच्या मुलांपैकी ४५ टक्के मुलांत किमान एक लक्षण दीर्घकाळ टिकले, पण संसर्ग न झालेल्या मुलांतही हा आकडा ३३ टक्के होता. १२ ते १७ वर्षांच्या मुलांत हे आकडे ३९ आणि २७ होते. पत्रिकेत ४५ हा आकडा एकटा छापला तर पालक घाबरतील, म्हणून ३३ त्याच्या शेजारीच हवा. लहान मुलांत लक्ष, स्मरण आणि झोपेच्या तक्रारी, वेदना व पोटाचे विकार ठळक होते. मोठ्या मुलांत चव किंवा वास जाणे, वेदना आणि थकवा.

त्याच प्रकल्पातून पुढे आलेल्या अभ्यासात घरातील अन्नाची चणचण आणि सामाजिक आधाराचा अभाव यांचा दीर्घ लक्षणांशी संबंध दिसला. पत्रिकेतील परिच्छेदाचा भर येथे असावा, असे माझे मत आहे. वंशगटांचे रकाने या गोष्टींकडे बोट दाखवतात. त्या गोष्टींची जागा घेत नाहीत.

आणखी एक सूचना. संसर्गानंतर काही आठवड्यांनी मुलांमध्ये उद्भवणारा बहुअवयवी दाहाचा विकार आणि दीर्घ कोविड यांची गल्लत करू नये. पहिल्याच्या अमेरिकन रुग्णांत कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचा वाटा त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठा होता. ती माहिती अनेक लेखांत दीर्घ कोविडच्या नावावर खपवलेली मी वाचली आहे.

खानापूरहून

मग भारतातील मुलांविषयी काही लिहावे की नाही? नाहीतर पालक म्हणतील, हे सगळे तिकडचे.

बेळगावहून, त्याच बालरोगतज्ज्ञाकडून

लिहावे, पण अमेरिकेची टक्केवारी येथे लावू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या जून-जुलै २०२१ च्या चौथ्या राष्ट्रीय पाहणीत ६ ते ९ वर्षांच्या ५७.२ टक्के आणि १० ते १७ वर्षांच्या ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली होती. म्हणजे लस मिळण्यापूर्वीच अर्ध्याहून अधिक मुलांना संसर्ग होऊन गेला होता. आपल्या भागात आई ‘पोराच्या अंगात कसर आहे’, ‘जिना चढला की दमतो’, ‘अभ्यासात चित्त लागत नाही’ असे सांगते. पत्रिकेत हेच शब्द असावेत. ‘ब्रेन फॉग’साठी ‘मेंदूधुके’ असा शब्द घडवून वापरला तर एकही आई तो वाचून दवाखान्यात येणार नाही.

चिकोडीहून

‘दीर्घ कोविड’ की ‘कोविडोत्तर विकार’, हेही ठरवून घ्यावे. आरोग्य संघटनेचे अधिकृत नाव दुसऱ्याच्या जवळचे आहे. पहिले नाव रुग्णांनी दिलेले आहे. मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्वज्ञ बाईंनी स्वतःच्या आजारासाठी ते ट्विटरवर वापरले. माझा कल रुग्णांच्या नावाकडे आहे. ‘उत्तर’ म्हटले की आजार संपला असे वाटते, आणि नेमकी तीच समजूत या मुलांना शाळेत भोवते.

निपाणीहून

सर्वांचे आभार. परिच्छेद आता असा होईल : ‘अमेरिकेतील निरनिराळ्या वंशगटांतील आणि जनसमूहांतील मुलांमध्ये दीर्घ कोविडचे निदान किती वेळा नोंदले गेले यात तफावत आढळली. हे गट पालकांनी अर्जावर सांगितलेले असतात आणि त्यांवरून आजार आनुवंशिक आहे असे ठरत नाही. उपचार मिळण्याची सोय आणि घरची परिस्थिती यांचा या तफावतीशी संबंध असतो.’ ‘हिस्पॅनिक’ला मराठी शब्द न देता तळटीपेत ‘स्पॅनिशभाषक देशांत ज्यांचे मूळ आहे असे लोक’ असा खुलासा देईन. कन्नड आवृत्तीसाठी ‘जनांगीय’ऐवजी ‘समुदाय’ चालेल का, हे आमच्या कन्नड विभागाच्या सरांना विचारले आहे.