पहिलं मोरो शस्त्र: क्रिस घ्यावं की बारोंग?

निळाई
कामानिमित्त दोन वर्षं फिलिपिन्समधल्या दवाओला होतो. तिथे असताना मिंदानाव आणि सुलू या दक्षिणेकडच्या बेटांवरच्या मोरो मुसलमानांची जुनी पाती बघायला मिळाली आणि ती मनातून जाईनात. आता कॅलिफोर्नियात आहे आणि एक तरी खरं, जुनं पातं घ्यायचं ठरवलंय. कांपिलान, म्हणजे त्यांची लांब तलवार, हाताबाहेरची आहे, लांबीने आणि पैशानेही. क्रिस (दुधारी तलवार) की बारोंग (रुंद, एकधारी पातं), इथे अडलोय. एका विक्रेत्याकडे नागमोडी क्रिस आहे, मुठीला हस्तिदंताचा काकातुआ, म्हणजे पक्ष्याच्या डोक्यासारखा कोरलेला शेंडा. १९०६ च्या बुद दाहोच्या लढाईतलं आहे म्हणतो, आणि त्यासाठी दुप्पट किंमत सांगतोय. घ्यावं का? पुढे पुण्याला नेता येईल का?

घणऐरण
हे घेऊ नका. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१६ पासून हस्तिदंताच्या विक्रीवर कडक बंदी आहे. काकातुआ लाकडीही असतो आणि उत्तम कोरलेला असतो, तसा बघा.

माझं मत विचाराल तर पहिलं शस्त्र बारोंगच घ्या. तौसुग, समा, याकान या सुलूकडच्या लोकांचं हे पातं. आकार पानासारखा, धार एकाच बाजूला, पाठ जाड. त्यात लबाडी लवकर पकडता येते. विक्रेत्याकडून पाठीचा फोटो मागवा, वरून काढलेला. जुन्या बारोंगची पाठ मुठीपाशी चांगली जाड असते आणि टोकाकडे निमुळती होत जाते. मुठीपासून टोकापर्यंत जाडी एकच, पत्रा कापल्यासारखी असेल तर ते बहुधा पर्यटकांसाठी केलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धानंतर असा माल भरपूर निघाला.

क्रिसवरच जीव जडला असेल तर गांग्या बघा, म्हणजे पात्याच्या बुडाशी असलेला रुंद भाग. जुन्या क्रिसमध्ये तो वेगळा घडवून बसवलेला असतो, सांधा खरा असतो. विसाव्या शतकात पातं आणि गांग्या एकसंध घडवू लागले आणि सांध्याच्या जागी नुसती रेघ कोरू लागले. भिंगातून फरक कळतो. गांग्या मुठीला धरून ठेवणारी धातूची पट्टी, आसांग-आसांग, जागेवर आहे का तेही बघा. आणि नागमोडीच हवं हा हट्ट सोडा. सरळ पात्याची क्रिसही अस्सल मोरो असतात. जावाचं क्रिस भोसकण्यासाठी असतं, हे मात्र तलवारीसारखं वार करण्यासाठी, म्हणून रुंद आणि वजनदार.

सांजवात
बुद दाहोबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. सुलूमधल्या होलो बेटावरच्या त्या ज्वालामुखीच्या विवरात मार्च १९०६ मध्ये अमेरिकी सैन्याने शेकडो मोरो मारले, त्यांत बायका आणि मुलंही होती. त्या काळच्या सैनिकांनी घरी आणलेली शस्त्रं अमेरिकेत आजही विकायला येतात. पण अमुक पातं अमुक डोंगरावरचं, हे सांगायला त्या सैनिकाचं पत्र किंवा जुनी नोंद हवी. ती नसताना त्या नावासाठी जास्त पैसे मोजणं मला मेलेल्यांचा अपमान वाटतो. पात्याची जेवढी किंमत असेल तेवढीच द्या.

निळाई
मनापासून धन्यवाद. क्रिस नको, असं विक्रेत्याला कळवलं. त्याच विक्रेत्याकडे लाकडी मुठीचं एक बारोंग आहे, पात्यावर गंजाचे डाग आहेत. घासून लखलखीत करून देतो म्हणतोय.

घणऐरण
घासू देऊ नका! ही पाती बऱ्याचदा पोलादाचे थर एकत्र ठोकून घडवलेली असतात. त्या थरांची नक्षी मशीनवर घासली की जाते. लाल गंज असेल तर तेल लावून अगदी बारीक स्टील वूलने (पोलादी तारांच्या लोकरीने) हळूहळू काढा, काळपट झाक राहू द्या. मूठ हलत असली तरी खेचून काढू नका. ती राळेसारख्या चिकट पदार्थाने बसवलेली असते, लाकूड तडकतं. आणि पातं कायम म्यानात ठेवू नका, लाकूड दमट हवा धरून ठेवतं. पातं पुसून, तेलाचा हात फिरवून वेगळं ठेवा.

वाडा_जुना
पुण्याचं राहिलं. भारतात तलवार आणायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली आयात परवाना लागतो. जुनी आहे, भिंतीवर लावायची आहे, एवढं सांगून विमानतळावर सुटका होईल असं धरून चालू नका. परवाना हातात पडेपर्यंत ते तिकडेच राहू द्या.

निळाई
पाठीचा फोटो आत्ताच आला. मुठीपाशी जाड, टोकाकडे निमुळती. म्यानाचे वेत तुटलेत, ते बदलावेत का?

घणऐरण
नको. तुटलेले वेतही जपून ठेवा, म्यान सुती दोऱ्याने सैलसर बांधा.