भडक आणि भाबडे प्रसंग तरीही जवळचे का वाटतात?

वाचनमग्न

नमस्कार. अलीकडेच एक जुनी कौटुंबिक कादंबरी मी पुन्हा वाचायला घेतली. पहिल्यांदा ती वाचली तेव्हा मी १४ वर्षांची होते. आता वाचताना तिच्यातले दोष मला पानोपानी दिसत होते. कथेत दोन भावांनी १२ वर्षे अबोला धरलेला आहे. शेवटी एका रात्री भर पावसात थोरला हातात कंदील घेऊन धाकट्याच्या दारात येऊन उभा राहतो आणि दार उघडते त्याच क्षणी वीज कडाडते. "दादा, इतका उशीर केलास?" एवढेच म्हणून धाकटा त्याच्या गळ्यात पडतो. लेखकाचे मात्र एवढ्याने समाधान होत नाही. आकाशालाही रडू फुटले असे तो लिहितो, उंबरा धन्य झाल्याचे सांगतो, आईच्या तसबिरीवरचे एक फूल नेमके तेव्हाच खाली पडते आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्हांची रांग असते.

हे सारे बटबटीत आहे, हे मला वाचतानाच कळत होते. वीज, फूल, उंबरा यांतले काहीही गाळले असते तरी प्रसंग अधिक नेटका झाला असता. तरीही "दादा" या शब्दापाशी माझा गळा दाटून आला आणि पुढची ओळ दिसेनाशी झाली. पुस्तक मिटल्यावर त्या लेखकाविषयी मनात तक्रार नव्हती, उलट माया वाटत होती. हा केवळ बालपणीच्या वाचनाचा परिणाम आहे, असे मला वाटत नाही, कारण पूर्वी कधीही न वाचलेल्या कथांतही असे प्रसंग मला भिडलेले आहेत. दुसरीकडे, इतकाच भडक एखादा प्रसंग वाचताना मन पार आक्रसून जाते, असाही अनुभव आहे. अतिरंजित लेखनातले काही आपल्याला लोभस वाटते आणि काही नकोसे होते, हे नेमके कशामुळे होत असावे?

काव्यसेवक

आपण विचारलेला प्रश्न फार जुना आहे आणि तो ज्या एका ठिकाणी मला सर्वांत स्पष्ट दिसतो, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'चा चौथा सर्ग म्हणजे रतीचा विलाप. शंकराच्या तिसऱ्या नेत्रातील अग्नीने मदन भस्म झाला आहे, मूर्च्छेतून जागी झालेली त्याची पत्नी रती त्याच्यासाठी आक्रोश करते आहे आणि हा आक्रोश ओसरतो आहे असे वाटेपर्यंत पुन्हा उसळून येतो. ११व्या शतकात काव्यशास्त्रकार मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या सातव्या उल्लासात, म्हणजे प्रकरणात, रसदोषांची चर्चा करताना 'दीप्तिः पुनः पुनः', म्हणजे शोकासारख्या भावनेतून आस्वादाला येणारा एकच रस पुन्हा पुन्हा पेटवत राहणे, हा दोष सांगितला आणि त्याचे उदाहरण म्हणून याच रतिविलापाकडे बोट दाखवले. त्याच्याही आधी, ९व्या शतकात, आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने हाच विचार मांडला होता. एकदा परिपूर्ण आस्वाद घेतलेल्या रसाला वारंवार हात लावला, तर तो हाताळलेल्या फुलासारखा कोमेजतो, असे त्याचे म्हणणे. आपल्या कादंबरीतील वीज, उंबरा आणि तसबिरीवरचे फूल यांना हा आक्षेप अगदी तंतोतंत लागू पडतो.

आता त्या सर्गातील एक जागा जवळून पाहू. रतीचे बोलून झालेले आहे. तेवढ्यात मदनाचा सखा वसंत तिला धीर देण्यासाठी समोर येतो आणि त्याला पाहताच ती पूर्वीपेक्षाही अधिक रडू लागते, छाती पिटून घेते. शास्त्रकाराने दाखवलेली 'पुन्हा पेटवण्या'ची जागा ती हीच, असे मला वाटते. पण नेमक्या याच श्लोकात कवीने त्या रडण्याचे कारणही देऊन ठेवले आहे. आपले माणूस समोर आले की दुःखाला जणू दार सताड उघडे मिळते, असे तो म्हणतो. ज्याने कधी शोक भोगला आहे, त्याला याची साक्ष पटेल. आपण स्वतःला सावरून बसलेलो असतो, चार माणसांशी नीट बोलतही असतो, आणि बहीण किंवा जिवाभावाचा मित्र दारातून आत येताच बांध फुटतो. त्या क्षणी आपण प्रमाणाचा विचार करत नाही. आपले ते रडणे बाहेरच्या माणसाला अतिरेकी दिसत असेल, पण ते खोटे नसते.

म्हणून मम्मटाचा आक्षेप मला रचनेच्या दृष्टीने मान्य आहे आणि तरीही तो सर्ग मला प्रिय आहे. या दोन गोष्टींत मला विरोध वाटत नाही. भडक प्रसंग लिहिणारा भाबडा लेखक वाचकाला परका समजत नाही, त्याला आपल्या माणसासारखाच वागवतो, आणि त्याच्यासमोर तो दार सताड उघडतो. संयमी लेखक हसे होऊ नये म्हणून जी जागा मोकळी सोडतो, तिथे हा लेखक स्वतः येऊन उभा राहतो, बचावाची कोणतीही तयारी न करता. असा विश्वास कुणी आपल्यावर टाकला की आपणही त्याच्या चुका मोजत बसत नाही. आपल्याला त्या लेखकाविषयी जी माया वाटली, तिचे मूळ मला इथे दिसते.

स्पष्टवाचक

काव्यसेवक यांचा मुद्दा सुंदर आहे, पण त्याने प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग सुटत नाही. दार उघडे टाकणारे सगळेच लेखक काही लोभस वाटत नाहीत. माझ्या मते फरक लेखकाची नजर कुठे आहे यावरून पडतो. तो पात्राकडे पाहून व्याकूळ झाला असेल, तर त्याची भाषा कितीही घसरली तरी आपण ती सहन करतो. तो वाचकाकडे पाहत असेल, पाणी आले की नाही हे तपासत असेल, तर एकही उद्गारचिन्ह न वापरता लिहिलेला प्रसंगसुद्धा कृतक वाटतो. नायकाला रडता यावे एवढ्यासाठीच शेवटच्या प्रकरणात मारलेली लहान मुले मी इतक्या कथांत पाहिली आहेत की त्या मुलांसाठीच मला वाईट वाटते, कारण मरेपर्यंत त्यांना स्वतःचे असे एकही वाक्य मिळालेले नसते.

दुसरे असे की भावनेचा खर्च आधीच्या पानांनी उचलायचा असतो. १२ वर्षांचा अबोला वाचकाने भावांबरोबर भोगला असेल, तरच ती वीज चालते. तोच प्रसंग पहिल्या पानावर आला असता, तर आपलाही गळा दाटला नसता, असे मला वाटते.

रंगपीठ

मी अनेक वर्षे हौशी रंगभूमीवर काम करते आहे, त्यामुळे मला या चर्चेत आवाजाची बाजू मांडावीशी वाटते. 'मेलोड्रामा' या शब्दातील 'मेलोस' म्हणजे ग्रीक भाषेत गीत. प्रारंभी हा शब्द निंदेचा नव्हता, तर संगीताच्या साथीने सादर होणाऱ्या नाट्याचा होता. १७७० मध्ये फ्रान्समधील ल्यों येथे रंगमंचावर आलेली विचारवंत रूसोची 'पिग्मॅलियन' ही अशा रचनांतील सुरुवातीची मानली जाते, आणि तिच्यात बोलणे व संगीत एकाआड एक येत असे. शब्द जिथे थांबत, तिथून पुढचे स्वरांकडे सोपवलेले असे. कागदावर मात्र लेखकाच्या हाताशी वाद्ये नसतात. मग वीज, पाऊस, पडणारे फूल यांच्याकडून तो ते काम करून घेतो. डोळ्यांनी वाचताना ते भडक दिसते, पण मोठ्याने वाचून पाहिले तर त्यातली पुष्कळशी भर श्वासासाठी ठेवलेली जागा आहे, असे लक्षात येते. पहिल्या वाक्याने ऐकणारा हलतो आणि सावरायला त्याला पुढची दोन वाक्ये लागतात.

स्पष्टवाचक यांनी कृतक हा शब्द वापरला, त्यावरून भरतमुनींची आठवण झाली. त्यांच्या 'नाट्यशास्त्रा'त अश्रू, स्वरभंग, रोमांच, कंप अशा आठ सात्त्विक भावांना वेगळे स्थान दिले आहे, कारण एकाग्र झालेल्या मनावाचून ते उत्पन्न होत नाहीत. जो दुःखी नाही, त्याने रडण्याचा अभिनय करायचा कसा, असा प्रश्नच तिथे विचारलेला आहे. तालमीत मला याचा प्रत्यय वारंवार आला. एका प्रयोगात आमच्या एका अभिनेत्रीला अतिशय अलंकारिक स्वगत होते आणि ते कापावे असे आम्हा सर्वांचे मत होते. तिने मात्र एकही शब्द न गाळता ते पूर्ण विश्वासाने म्हटले. तिचा आवाज तिसऱ्या वाक्याला चिरकला, तो तिने सावरला नाही, आणि प्रयोग संपेपर्यंत कापण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. तेच स्वगत तिने थोडे जरी अंतर ठेवून, 'हे जरा जास्तच आहे, मला माहीत आहे' अशा सुरात म्हटले असते, तर ते खरोखरच असह्य झाले असते.

वाचनमग्न

आपणा सर्वांचे मनापासून आभार. रंगपीठ यांच्या सांगण्यावरून काल रात्री तो प्रसंग मी मोठ्याने वाचला. आकाशाच्या रडण्यापाशी मला खरोखरच थांबावे लागले, आणि ते वाक्य मला पहिल्यांदाच नको वाटले नाही. उंबरा धन्य झाल्याचे वाक्य मात्र अजूनही जास्तच वाटते, त्या बाबतीत मम्मटाचे म्हणणे खरे आहे.

स्पष्टवाचक, लेखकाची नजर कुठे आहे हा आपला प्रश्न डोक्यात ठेवून वाचत होते, म्हणून आजवर सुटलेली एक गोष्ट दिसली. वीज आणि फूल यांच्या मधोमध, कोणतेही उद्गारचिन्ह नसलेले एक लहानसे वाक्य आहे. थोरला कंदील खाली ठेवायला विसरला आहे, मिठीत त्याची तापलेली काच धाकट्याच्या खांद्याला लागते आहे, आणि धाकटा तसाच उभा आहे.